जुनी बटणं ओळखायला भिंग घेऊ की पुस्तक? (बजेट 20 पौंड)

केंटची_सून: नमस्कार मंडळी. नांगरलेल्या शेतात (मालकाची परवानगी आहे, त्यावर चर्चा नको) मेटल डिटेक्टर फिरवते. नाणी कमी, बटणंच जास्त. चार ओळखायची आहेत. एक चार भोकांचं, कडेला ‘एक्सेलसियर’ लिहिलेलं. दुसरं पांढुरकं, मोठं, सपाट, मागे कडी. तिसरं पितळी, सिंह आणि युनिकॉर्नवालं. चौथं नखाएवढं, त्यावर पत्त्यांतल्यासारखे दोन बदाम आणि वर मुकुट. भिंग की पुस्तक? 20 पौंडांच्या वर जाणार नाही.

डोंगरी_भटक्या: भिंगबिंग सोडा ताई, मशीन कोणतं? मी माइनलॅबचं इक्विनॉक्स घेतलं. साडेसातशे पौंड गेले, पण बटण की नाणं ते आता कानालाच कळतं.

लेस्टरकर: काहीही! चपटं बटण आणि नाणं सारखंच वाजतं. ताई, एक्सेलसियर म्हणजे विजारीचं बटण, गॅलिस अडकवायचं. ढिगाने सापडतात, किंमत शून्य. पांढुरकं बहुतेक टोम्बॅक, म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू. अठराव्या शतकातल्या कोटांना असायचं. चांदी समजून नाचू नका.

आजीचा_बटवा: चिंचेच्या कोळात रात्रभर ठेव गं. देवाच्या भांड्यांसारखी लखलखतील.

लेस्टरकर: अजिबात नको! आमच्या क्लबातल्या एकाने मुलाम्याच्या बटणाला लिंबू चोळलं. मागे ‘ट्रेबल गिल्ट’ (तिहेरी मुलामा) लिहिलेलं. अक्षरं राहिली, सोनं गेलं. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस.

आजीचा_बटवा: मी चिंच म्हटलं, लिंबू नाही.

फौजी_नातू: सिंह-युनिकॉर्न म्हणजे ब्रिटिश लष्कर. 1871 पासून बहुतेक पलटणींच्या साध्या शिपायांना हेच सामाईक बटण, त्याआधी पलटणीचा आकडा असे. मुकुट नीट बघा. कमानी मधे दबलेल्या असतील तर व्हिक्टोरिया राणीच्या किंवा दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातलं, गोल फुगीर असतील तर 1901 नंतरच्या राजांच्या काळातलं. माझ्याकडे आजोबांच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटणांचा अख्खा संच आहे. फोटो टाकतो.

पुणेरी_उपरा: असं मशीन रायगडावर फिरवलं तर? शिवराई हमखास!

लेस्टरकर: हमखास पोलीस. संरक्षित स्मारक आहे ते. आणि भारतात 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवायचं.

पुणेरी_उपरा: दहा रुपयांत आता वडापावही येत नाही.

थेम्सकाठ: सगळे भलतीकडेच! ताई, चौथ्याकडे लक्ष द्या. दोन बदाम आणि मुकुट ही खूण इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि ब्रगांझाची कॅथरिन यांच्या 1662 च्या लग्नाची मानतात. त्याच लग्नात पोर्तुगीजांनी आपली मुंबई आंदण दिली. हे बहुधा कफलिंकचं अर्धं अंग. चांदीचं असेल तर इथल्या 1996 च्या ट्रेझर ॲक्टमध्ये बसतं: 300 वर्षांहून जुनं आणि सोनं-चांदी किमान 10 टक्के. लक्षात आल्यापासून 14 दिवसांत कोरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं. तुमच्या भागातल्या फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) फोटो पाठवा, तोच पुढचं सांगेल. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे, त्यामुळे पुस्तक नको. दहापट भिंग स्वस्तात मिळतं. टॉर्च आडवा धरला की बटणामागची झिजलेली अक्षरंही दिसतात. कारखान्याचा पत्ता असेल तर आधी तो वाचा, पत्ते बदलत गेले त्यावरून साल लागतं.

फौजी_नातू: मुकुट बघा हे मी आधीच सांगितलं होतं.

डोंगरी_भटक्या: मशीन कोणतं ते राहिलंच.

केंटची_सून: सर्वांचे आभार. फोटो पाठवले, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. भिंग नाही, पुस्तकही नाही. यूएसबी मायक्रोस्कोप घेतला, 34 पौंड.

लेस्टरकर: 34?? खेळणं आहे ते. परत करा.

केंटची_सून: आता कुठलं परत! मुलाने त्याखाली मुंगी ठेवलीय.