मदत हवी आहे: छप्पर असलेल्या जुन्या लाकडी पुलाची दुरुस्ती

मंडळी, छप्पर असलेला एक जुना लाकडी पूल वाचवायला आम्ही काही जण एकत्र आलोय. छपरामुळे आणि बाजूच्या फळ्यांमुळे मधला सांगाडा अजून ठणठणीत आहे. छप्पर असतं ते त्यासाठीच. दुखणं आहे टोकांना. खालची मुख्य तुळई दगडी आधारावर टेकते तिथे माती, पालापाचोळा साचून ओल धरली आहे. स्क्रूड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत जातो.

साफसफाई, गळती बुजवणं श्रमदानातून होईल. पण तुळईला हात लावायचा तर आधी पुलाचा भार तात्पुरत्या टेकूंवर घ्यावा लागणार, आणि ते हौशी लोकांचं काम नव्हे. (यावरून आमच्यात रोज वाद!)

कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यावा, की इपॉक्सी (घट्ट होऊन कडक बनणारं राळेसारखं रसायन) भरावं? इपॉक्सीमागे ओल अडकेल अशी मला भीती वाटते. शिवाय आगीचं काय? स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कॅपेलब्रुके हा छप्पर असलेला प्रसिद्ध लाकडी पूल १९९३ मध्ये बराचसा जळाला होता. अग्निरोधक लेप कुणी वापरलाय का?

आणि हो, देणगीदार रंगकामाला लगेच तयार होतात, इंजिनिअरच्या तपासणीला कुणीच नाही. त्यांना कसं पटवलंत?