ग्रॅमला ग्रॅम पाम कर्नल? कॉस्टिकचा हिशेब कोण मांडणार?

घाण्यावरचा
काल इथं एकाने ठोकून दिलं: "खोबरेल महागलंय, साबणात पाम कर्नल (ऑइल पामच्या बियांचं तेल) घाला. दोन्ही तेलं सारखीच. ग्रॅमला ग्रॅम बदला, कॉस्टिकला (कॉस्टिक सोड्याच्या मापाला) हात लावू नका. साबण उलट जास्त सौम्य होतो." यातलं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

लॉरिक, म्हणजे फेस आणणारं आम्ल, दोन्हीत ४८ टक्क्यांच्या आसपास, इथवर मान्य. पण ग्रॅमभर तेलाला कॉस्टिक खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम लागतं आणि पाम कर्नलला ०.१७६. किलोभर निव्वळ खोबरेलाचा साबण ५ टक्के सुपरफॅटने (साबण न होता मुद्दाम उरवलेलं तेल) केला तर कॉस्टिक १७४ ग्रॅम. तेवढंच कॉस्टिक किलोभर पाम कर्नलमध्ये ओतलं की सुपरफॅट १ टक्क्याच्या जवळ उरतो. एवढं लॉरिक असलेल्या वडीला १५ ते २० टक्के सुपरफॅट लागतो, तेव्हा कुठं ती अंगाला लावण्यासारखी होते. १ टक्क्याची वडी भांडी घासायला ठीक. ती सौम्य म्हणून लोकांच्या अंगाला लावायला सांगता?

वडीवाली, फोंडा
शंभर टक्के एकाच तेलाची वडी कोण घालतं? नेहमीच्या घाण्यात लॉरिकचं तेल किलोला ३०० ग्रॅम. तिथं फरक २ ग्रॅम कॉस्टिकचा, सुपरफॅट ५ वरून साडेतीनच्या वर राहतो. वडी बिघडत नाही.

आणि सौम्यपणाचं तुम्ही मोजलंच नाहीत. त्वचेला बोचतात ती कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोन छोटी आम्लं. खोबरेलात ती दोन्ही मिळून १४ टक्क्यांच्या आसपास, पाम कर्नलमध्ये निम्म्याहून थोडी कमीच. ओलेइक हे मऊ आम्ल खोबरेलात ७ टक्के, पाम कर्नलमध्ये १५. कॉस्टिक नीट मोजलं तर पाम कर्नलची वडी खोबरेलापेक्षा सौम्यच. कडकपणा तोच, फेस तोच.

घाण्यावरचा
कॅप्रिकचा मुद्दा खरा आहे, घ्या. पण "कॉस्टिक नीट मोजलं तर" ही अट तुम्ही घातलीत. मूळ लिहिणाऱ्याने कॉस्टिकला हात लावू नका म्हटलंय. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आता दुसरं, आणि हे जास्त धोक्याचं. बाजारात नुसतं "पाम तेल" मागितलं तर हातात फळाच्या गराचं तेल पडतं, बियांचं नाही. गराच्या तेलात लॉरिक जवळजवळ नाहीच, त्याला कॉस्टिक ०.१४२. हिशेब बघा: पाम कर्नल ३००, कोकमतेल १००, शेंगदाणा ५५०, एरंडेल ५०. एकूण १४८ ग्रॅम कॉस्टिक, ५ टक्के सोडून १४०.६. बाटलीत गराचं पाम तेल निघालं तर लागतं फक्त १३८च्या आसपास. पावणेतीन ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहतं. ती वडी जिभेला टोचते आणि हात सोलते. पीएचच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, चांगला साबणही ९-१०च दाखवतो. वडी किसून पुन्हा शिजवायची: शेंगदाण्याचं २० ग्रॅम तेल घातलं की कॉस्टिक फिटतं, सुपरफॅट हवा तर वर आणखी ५० ग्रॅम.

सत्तरीकर
पाम कर्नल मलेशिया-इंडोनेशियातून येतं म्हणून सगळे बोलतात, पण ऑइल पाम गोव्यात आपल्या सत्तरी तालुक्यातही लावलेलाच आहे. फळं तोडली की लवकर गिरणीत पोचवावी लागतात, नाहीतर गरात आम्ल वाढतं. बी वेगळी फोडून वेगळी गाळावी लागते. २०२१ पासून केंद्राचं अभियान ऑइल पामसाठी आहे. माडासाठी काय? नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, माकडं कोवळे नारळ फोडून टाकतात, भाट, म्हणजे माडांची बाग, ओसाड. खोबरेल महाग झालं ते या कारणांनी, आणि इथं कोणी त्यावर बोलत नाही.

बार्देशचा माड
२०१६ साली गोव्यात माडाला झाडं वाचवायच्या कायद्यातून बाहेर काढलं होतं, लोकांनी आवाज उठवल्यावर निर्णय फिरवला. ते विसरू नका. एका किलो खोबऱ्याला साधारण सहा-सात नारळ, त्यातून ६० टक्क्यांच्या वर तेल. म्हणजे किलोभर तेलाला दहा-अकरा नारळ. नारळाच्या भावाने गुणून बघा. स्वस्त "शुद्ध खोबरेल" मिळालं तर ते कुठून परवडतं?

वडीवाली, फोंडा
धागा साबणाचा आहे. माडाचं दुःख खरं आहे, पण त्याने माझं कॉस्टिक मोजून होत नाही.

बार्देशचा माड
होतं, ताई. स्वस्त खोबरेलात पाम कर्नलही मिसळतात, कारण लॉरिक सारखंच असल्याने डोळ्याला कळत नाही. खोबरेलाचं आयोडीन मूल्य (तेलातल्या असंतृप्त आम्लांचं माप) ७.५ ते १०, पाम कर्नलचं १४ ते २१. सॅपोनिफिकेशन मूल्य (तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते त्याचं माप) खोबरेलाला २५० च्या खाली चालत नाही. हे घरी मोजता येत नाही, प्रयोगशाळेतच. म्हणजे तुम्ही खोबरेलाचा आकडा धरता आणि बाटलीत भलतंच असतं. सुपरफॅट तुमच्या नकळत घटतो. माडाचं दुःख तुमच्या वडीतच आलं.

वडीवाली, फोंडा
म्हणून तर म्हणते, उघड पाम कर्नल विकत घ्या आणि त्याचाच आकडा धरा! भेसळीच्या खोबरेलावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते प्रामाणिक. सुपरफॅट ६ ठेवला की भेसळीचाही फरक गिळला जातो.

घाण्यावरच्या दादांच्या कृतीवर मात्र मला बोलायचंय. ५५० ग्रॅम शेंगदाणा? त्यात लिनोलेइक, म्हणजे लवकर खवट होणारं आम्ल, पाव हिश्श्याच्या पुढे. जूनमध्ये घातलेल्या वडीवर श्रावणात नारिंगी ठिपके येतील, विहिरीच्या पाण्यात लोखंड असेल तर आणखी लवकर. शेंगदाणा ३५० करा, कोकमतेल ३०० वर न्या, म्हणजे कॉस्टिकही बदलेल, तेही मोजा. पाणी डिस्टिल्ड. पावसात ग्लिसरीन हवेतली ओल ओढून वडीला घाम आणतं. वडी कागदात गुंडाळून हवेशीर ठेवा, डब्यात बंद करू नका.

घाण्यावरचा
शेंगदाण्याचं मान्य, उन्हाळ्याची कृती पावसासाठी लिहिली. कोकमतेलाचं मात्र मी पुढे नेतो. इथं ज्याला भिरंडेल म्हणतात, त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक, म्हणजे कडकपणा देणारं आम्ल. पाम तेलाने जो कडकपणा यायचा तो कोकमाने येतो. फेस मात्र नाही, त्यासाठी लॉरिक लागतंच. आणि लॉरिकच्या वडीची वेळ चुकवू नका: जास्त खोबरेलाची किंवा पाम कर्नलची वडी चार-आठ तासांत कापायची. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली की भुगा होतो. कॉस्टिकचा डबाही पावसात उघडा ठेवू नका. ओल आणि हवा ओढून ते कमजोर होतं आणि तुमचा हिशेब खोटा ठरतो.

मडगावची
साबणाचं झालं. अंगाला लावायच्या मलमात पाम कर्नल चालेल का?

घाण्यावरचा
ओठांच्या आणि टाचांच्या मलमात नुसतं पाम कर्नल २७-२८ अंशांवर वितळतं. गोव्याच्या एप्रिलमध्ये डबी उघडाल तर तेल सांडेल. त्यापेक्षा मेण २०, कोकमतेल ३०, खोबरेल ५० टक्के. चेहऱ्याला तर दोन्ही लॉरिकवाली तेलं नकोत, मुरुमं येतात. छाती-पाठीवर शिबं येणाऱ्यांनी तिथं अशी तेलं लावून ठेवूच नयेत, त्या बुरशीला तेलातली आम्लं खायला लागतात. साबण धुतला जातो, मलम राहतं.

सत्तरीकर
प्रमाणपत्राचं कोणी लिहिलं नाही. आरएसपीओ ही पाम तेलाला टिकाऊ उत्पादनाचं प्रमाणपत्र देणारी संस्था. तिच्या "मास बॅलन्स" खुणेचा अर्थ, तुमच्या बाटलीतलं तेल प्रमाणित बागेचंच असेल असा नाही. हिशेबाने मिसळलेलं असतं. ज्याला जंगलतोडीची चाड आहे त्याने "सेग्रिगेटेड", म्हणजे प्रमाणित तेल वेगळं ठेवलेलं, हा शब्द आहे का ते विचारावं.

वडीवाली, फोंडा
हे ठाऊक नव्हतं, बरं झालं लिहिलंत. विकणाऱ्यांसाठीही एक: घरगुती म्हणून वड्या विकल्या तरी सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांखाली परवाना लागतो.

आणि घाण्यावरच्या दादांची बाटलीची काळजी मी मान्य करते, पूर्ण. मोजायच्या आधी एवढं करा: २० मिलि तेल काचेच्या वाटीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पाम कर्नल पांढरं, मेणबत्तीसारखं कडक होतं आणि दाबलं की तुटतं. गराचं स्वयंपाकाचं पाम तेल पिवळसर, मऊ, चमच्याला चिकटणारं राहतं. खोबरेल आणि पाम कर्नल यांतला फरक मात्र वाटीत कळणार नाही, त्याला बार्देशवाल्यांनी सांगितलेली प्रयोगशाळाच.

घाण्यावरचा
वाटीची परीक्षा ठीक. फक्त बाटली नीट हलवून मगच तेल घ्या. डबा थंडीत राहिला असेल तर घट्ट भाग खाली आणि पातळ वर, आणि वरून घेतलेलं तेल आकड्याशी जुळत नाही. पूर्ण वितळवून ढवळून मगच तोला.