मतदान केंद्रावर आधारचा अंगठा सक्तीचा करावा का?

आभा_सासवड

मतदार यादीतल्या दुबार नावांवरून महाराष्ट्रात रान उठलं, १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधी पक्षांचा मोर्चाही निघाला. तेव्हापासून एक मागणी सारखी कानावर येते: मतदान केंद्रावर आधार सक्तीचं करा, अंगठा जुळला तरच मत द्या. माझा याला ठाम विरोध आहे.

ओळख पटवण्याला माझी हरकत नाही. ती आजही पटवावीच लागते. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी १९९३ मध्ये फोटो ओळखपत्राचा आग्रह धरला आणि ते बरोबरच होतं. आज ते कार्ड हाताशी नसेल तर दुसरे कागद चालतात. २०२४ च्या लोकसभेला असे बारा पर्याय होते: आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचे कागद वगैरे. नुसती मतदार चिठ्ठी दाखवून २०१९ पासून भागत नाही. थोडक्यात, फोटो असलेला कागद हवाच, पण त्यातला कोणता दाखवायचा हे मतदार ठरवतो. ही मोकळीक काढून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

रेशन दुकानात ई-पॉस मशीनसमोर थोडा वेळ उभं राहून बघा. आजीबाई अंगठा टेकवतात, येत नाही. लुगड्याच्या पदराला पुसून पुन्हा टेकवतात, तरी येत नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. शेवटी दुकानदार म्हणतो, उद्या या नाहीतर नातवाला पाठवा. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, धुण्याभांड्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नसतात. धान्यासाठी दुसऱ्या दिवशी जाता येतं, नातवाला पाठवता येतं. मतदानाला यातलं काहीच करता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

बूथवरचा_माणूस

आभाताई, मी पक्षाचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिला मतदान अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, तो आम्ही प्रतिनिधींनी ऐकून हरकत घ्यावी म्हणूनच. हरकत घ्यायची तर दोन रुपये भरून मत आक्षेपित करायचं आणि समोरचा माणूस खोटा आहे हे आपणच दाखवून द्यायचं. ज्याच्या शेजारी पुढची पाच वर्षं राहायचं आहे, त्याच्या पुतण्याविरुद्ध असं कोण उभं राहील? आणि शहरात तर कोणी कोणाला ओळखतच नाही. यादीतला फोटो काळाकुट्ट आणि दहा वर्षांपूर्वीचा. त्यावरून केंद्राध्यक्षाने काय ओळखायचं?

आता खरा मतदार दुपारी येतो आणि त्याला कळतं की आपलं मत टाकून झालंय. त्याला प्रदत्त मतपत्रिका देतात. कागदावर शिक्का मारायचा, ती पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरलीच जात नाही. असा एक जण माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, "मग मी मत दिलं की नाही?" त्याला काय उत्तर देणार? यंत्रामुळे ज्याला परत जावं लागेल त्याची काळजी सगळ्यांना आहे. ज्याचं मत आधीच दुसऱ्याने टाकलं, तोही मताला मुकलाच ना? दुबार नाव यादीत राहिलं तरी अंगठा एकच असतो. चोरी थांबवायला यापेक्षा पक्का उपाय सांगा, मी मान्य करतो.

खडूफळा

शिक्षक आहे, निवडणुकीची ड्युटी करत आलो आहे. व्यवहाराचं बोलतो. एका केंद्रावर आता जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचं आयोगाने ठरवलंय. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे अकरा तास. सगळे आले तर एका माणसाला ३३ सेकंद मिळतात. त्यात नाव शोधणं, सही, शाई, यंत्र. अंगठ्याचे दोन-तीन प्रयत्न फसले की रांग दारापर्यंत जाते, आणि कडेवर मूल घेतलेली बाई किंवा रोजंदारीवरचा माणूस आधी रांग सोडतो. मेळघाटात, धडगावच्या पाड्यांवर नेटवर्क कुठून आणणार?

बूथवरच्या दादांच्या मुद्द्यावर उपाय आहे, पण तो मन लावून राबवला जात नाही. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशांची वेगळी यादी आम्हाला मिळते. त्या यादीतलं कोणी आलं तर केंद्राध्यक्षाने स्वतः कागद तपासायचे, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत राज्य आयोगाने दुबार नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं. संशय असलेल्या मोजक्या नावांवर बारीक नजर ठेवा, सगळ्या गावाला संशयित करू नका.

सरळरेषा

सिमकार्डला ओळख, बँकेला ओळख, लॉजवर खोली घ्यायची तरी ओळख. देशाचं सरकार निवडतानाच एवढी ढिलाई का? २०२१ मध्ये संसदेने मतदार यादीला आधार जोडायचा कायदा केलाच आहे. बोटं झिजली असतील तर चेहरा आहे, डोळ्याची बाहुली आहे. तंत्र सुधारता येतं. गरिबांचं नाव पुढे करून बोगस मतदानाला संरक्षण देऊ नका, कारण बोगस मत सगळ्यात आधी गरिबाच्याच नावावर पडतं.

आभा_सासवड

@सरळरेषा, त्याच २०२१ च्या कायद्यात असंही म्हटलंय की पुरेशा कारणाने आधार देता आलं नाही तर नाव नाकारायचं नाही आणि काढायचंही नाही. ते कलम विसरून चालणार नाही.

शिवाय आधार रहिवाशाला मिळतं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच आहे. बिहारच्या विशेष पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या नव्याने तपासणीत, ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे चालणाऱ्या अकरा कागदांत आधारला बारावा कागद म्हणून घ्यायला लावलं, तेही फक्त ओळखीपुरतं. तिथे लोकांच्या हातात आधार होतं आणि सुरुवातीला तेच चालत नव्हतं! म्हणून म्हणते, एका कागदावर सगळा भार टाकू नका. तो कागद उद्या कोण मान्य करेल आणि कोण नाही, हे मतदाराच्या हातात नसतं.

हौन्सलोकर

इंग्लंडमधला अनुभव सांगतो. इथे वर्षानुवर्षं केंद्रावर फक्त नाव-पत्ता सांगून मत देता यायचं. २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र आलं आणि मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा लागू झालं. निवडणूक आयोगाच्या हिशेबाने सुमारे १४,००० माणसं केंद्रावरून परत गेली ती फिरकलीच नाहीत. केंद्रावर आलेल्यांच्या हे पाव टक्का. उलट २०१९ मध्ये दुसऱ्याच्या नावाने मत टाकल्याबद्दल अख्ख्या देशात एकाला शिक्षा झाली आणि एकाला पोलिसांनी समज दिली.

मी राष्ट्रकुलातला म्हणून इथे मत देतो, भारतीय पासपोर्ट दाखवतो आणि तो बिनतक्रार चालतो. पण ज्येष्ठांचा प्रवासी पास चालतो, विद्यार्थ्यांचा नाही. कोणाचा कागद यादीत घ्यायचा हा निर्णय राजकीयच असतो, हे तेव्हा मला लख्ख कळलं. मात्र उत्तर आयर्लंडमध्ये २००३ पासून फोटो ओळखपत्र लागतं आणि तिथे आता कोणी तक्रार करताना दिसत नाही. तेव्हा हळूहळू आणा, फुकट द्या, घरपोच द्या, मग माझा विरोध नाही.

मनवा

बायकांचं कोणी बोललंच नाही. माझं आधार सासरच्या नावाने, बँकेचं पासबुक माहेरच्या, मतदार कार्डावर आडनाव सासरचं आणि मधे वडिलांचं नाव. आमच्या सोसायटीत अशा कितीतरी जणी आहेत. स्पेलिंगच्या किरकोळ चुका सोडून द्याव्यात असं आयोगच सांगतो, आणि समोर माणूस असला तर तो चेहरा बघून समजून घेतो. यंत्राला हे कोण सांगणार? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून नोंद केलेल्या जवळजवळ २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या होत्या. नियम तेव्हाही सगळ्यांना सारखाच होता.

बूथवरचा_माणूस

मनवाताई, तुमचा मुद्दा पटला. नावाच्या घोळापायी कोणाला परत पाठवायला मी स्वतः विरोध करीन. पण अंगठ्याला नाव लागत नाही, क्रमांक लागतो, हेही लक्षात घ्या.

खडूफळा सर म्हणतात ती वेगळी यादी आमच्याकडे शेवटच्या क्षणी येते, कधी येतच नाही. ती आठ दिवस आधी सगळ्या प्रतिनिधींना द्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. प्रत्येक बूथवर किती प्रदत्त मतपत्रिका दिल्या, तो आकडा केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या १७ सी फॉर्ममध्ये लिहिलेलाच असतो. तो निकालाबरोबर सगळ्यांना दिसेल असा जाहीर करा. कुठे किती चोरी होते ते एकदा समोर येऊ दे.

आभा_सासवड

या दोन्ही मागण्यांवर माझी सही धरा. निवेदन तयार करू, खडूफळा सरांनी मसुदा तपासावा. अंगठा त्यात नसेल.

बूथवरचा_माणूस

निवेदनात नसू दे. मी अंगठ्याच्या बाजूनेच आहे आणि आकडे आले की पुन्हा मांडणार. सही मात्र करतो.