‘लीन रुग्णालय’ला मराठीत काय म्हणावं? आणि हेलपाटा, खेप, खेटा यांतला फरक

चर्चाप्रस्ताव

एका ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी चाळीसेक पानांची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. टोयोटाच्या कारखान्यात रुजलेली कामाची पद्धत दवाखान्यात कशी वापरायची, हा तिचा विषय. शीर्षकातच अडले. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘लीन रुग्णालय’ असंच ठेवलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे एखाद्या संस्थानाचा दवाखाना का गं?” तिचं काहीच चुकलं नाही. मराठी माणसाला ‘लीन’ म्हटलं की हात जोडलेला, मान झुकवलेला माणूस दिसतो. चरणी लीन, तल्लीन, विलीन. संस्कृतातल्या ‘ली’ धातूपासूनच हे सगळं आलं, चिकटणं, विरघळून जाणं या अर्थानं. इंग्रजी ‘लीन’चा याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथं तो शब्द चरबी नसलेल्या मांसाला लावतात.

१९८८ साली जॉन क्राफसिक या तरुण अभियंत्यानं एका लेखात टोयोटाच्या पद्धतीला हे नाव दिलं. त्याआधी तो कॅलिफोर्नियात टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या सामायिक कारखान्यात काम करत होता. म्हणजे हे नाव जपान्यांनी ठेवलेलं नाही, बाहेरच्या माणसानं पाहून ठेवलेलं आहे. इतर कारखाने जागोजागी जादा माल, जादा माणसं, जादा वेळ राखून ठेवतात; इथं ती चरबीच नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

आता मराठीत काय? ‘कृश’ म्हटलं तर रुग्णालयच आजारी वाटतं. ‘सडपातळ’ स्थळाच्या वर्णनात शोभतो. ‘काटक’ अर्थानं अगदी जवळचा आहे, अंगात मांस कमी पण दम भरपूर. तो माणसाला, जनावराला चिकटतो, संस्थेला लावून पाहिला तर बसत नाही. ‘काटकसरी’ सध्या मसुद्यात आहे. मला तो खटकतो, पण का ते नेमकं सांगता येत नाही. ‘सुटसुटीत’, ‘आटोपशीर’, ‘नेटकं’ हेही मनात आहेत.

दुसरी अडचण ‘मुदा’ची. वाया जाणाऱ्या श्रमाला, वेळेला जपानीत मुदा म्हणतात आणि पुस्तिकेत हा शब्द पानोपानी आहे. मराठीत तो तसाच ठेवावा का?

प्रतिसाद

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे हे शब्द भाषांतराविना रुळले. दहावी झालेला पोरगासुद्धा “साहेब, मी या महिन्यात दोन कायझेन दिले” म्हणतो, म्हणजे कामातल्या दोन छोट्या सुधारणा सुचवल्या. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची शिस्त), कानबान (माल हवा असल्याची चिठ्ठी), पोका-योके (चूक होऊच न देणारी मांडणी) सगळे बोलतात, कुणाला परके वाटत नाहीत. तेव्हा शब्दांची भीती बाळगू नका, ताई. रोज हाताळला की शब्द आपला होतो.

फक्त ‘मुदा’ ठेवू नका. संस्कृतात ‘मुदा’ म्हणजे आनंदाने. गणेशपंचरत्नाची सुरुवातच या शब्दाने होते. गणपतीत ते म्हणणाऱ्या सिस्टरला तुम्ही “मुदा शोधा आणि नष्ट करा” सांगणार का?

प्रतिसाद

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं. ‘काटकसरी’ का खटकतो ते मी सांगते.

आमच्याकडे काटकसर म्हटलं की पहिल्यांदा ग्लोव्हज कमी येतात. मग गॉज. मग रिकामी झालेली मावशींची जागा भरली जात नाही. काटकसर हा शब्द घरात चांगला, वॉर्डात त्याची आम्हाला धास्ती आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो दिसला तर पहिलं पान उलटायच्या आतच बायका मनातून पुस्तिका मिटतील. आणि मला जे थोडंफार समजलंय त्याप्रमाणे या पद्धतीत माणसं कमी करायची नसतातच. ज्यानं सुधारणा सुचवायची, त्याचीच नोकरी त्या सुधारणेनं जाणार असेल तर तो कशाला तोंड उघडेल?

आता वाया जाणं म्हणजे काय, ते आमच्या वॉर्डातलं सांगते. रात्रपाळीला एका आजोबांची शीर सुजली, इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घातलेली सलाइनची नळी, बदलायची होती. ट्रॉलीवर हिरवी मिळाली, हव्या त्या मापाची गुलाबी नव्हती. कपाट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. कपाटापर्यंत गेले, किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या खणात. खणापर्यंत आले, किल्ली घेतली, परत कपाट. कपाटात गुलाबीचं खोकं होतं, रिकामं. शेजारच्या वॉर्डात गेले. तिथल्या सिस्टरनं तिच्या खणातून, रुमालाखालून, दोन काढून दिल्या. तिनं त्या लपवून ठेवल्या होत्या, कारण मागच्या आठवड्यात तिच्यावर हीच वेळ आली होती. परत आले तेव्हा आजोबा हात धरून बसले होते आणि म्हणाले, “बाई, तुम्हीच दमलात.”

याला आम्ही ‘हेलपाटा’ म्हणतो. दुसरा शब्द शोधू नका.

प्रस्तावक

ताई, हे वाचून मी थांबलेच. ‘हेलपाटा’ माझ्या यादीत नव्हता, आणि तो तर आजी रोज वापरायची. तुमच्या प्रतिसादामुळे मी या कुळातले शब्द मांडून पाहिले. प्रत्येकाचा रंग वेगळा निघाला.

‘खेप’ म्हणजे काही घेऊन जाणं किंवा आणणं. पाण्याची खेप, मालाची खेप. खेप वाया गेली असं म्हणता येतं, पण खेप मुळात वाया नसते. ‘हेलपाटा’ मात्र फुकट गेलेलाच. सफल हेलपाटा असं कुणी म्हणत नाही. ‘खेटे’ घालतो तो गरजवंत, आणि ते नेहमी कुणाच्या तरी दारात असतात: रिपोर्टसाठी, सहीसाठी, दाखल्यासाठी नातेवाईक खेटे घालतात, सिस्टर घालत नाहीत. ‘येरझारा’ शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर. ‘वणवण’ रक्ताची पिशवी शोधणाऱ्याची. ‘पायपीट’ दिवसभराची, बेरीज करून. इतका बारकावा आपल्याकडे तयार असताना परका शब्द कशाला?

वाट पाहण्याचंही तसंच. पुस्तिकेत सरसकट ‘प्रतीक्षा’ लिहिलं होतं, मी ते खोडलं. माणूस ताटकळतो, काम खोळंबतं. डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला आणि बिलाची सही दुपारी तीनला झाली, तर पेशंट ताटकळला आणि त्याची खाट खोळंबली. त्या खाटेसाठी अपघात विभागात स्ट्रेचरवर दुसरा कुणीतरी ताटकळतोय. एकाच गोष्टीची ही दोन टोकं ‘प्रतीक्षा’ या एका शब्दात दिसतच नाहीत.

प्रतिसाद

पुण्यात जपानी शिकवतो, म्हणून भर घालतो. ‘मुदा’ दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ ‘नाही’, दुसऱ्याचा संबंध घोड्याच्या पाठीवरच्या ओझ्याशी. ही अक्षरं उच्चारासाठी जोडलेली आहेत, त्यातून व्युत्पत्ती काढू नये. पण आपल्या ‘हेलपाट्या’कडे पाहा. हेल म्हणजे वाहून न्यायचं ओझं, ते वाहणारा तो हेलकरी. जपानी घोडा आणि मराठी हेलकरी, दोघांच्या पाठीवर ओझंच. मला ही भेट फार आवडली.

टोयोटात मुदाबरोबर आणखी दोन शब्द येतात, ते सोडू नका. ‘मुरी’ म्हणजे झेपेल त्याहून जास्त लादणं. शब्दशः, ज्याला काही रास्त कारण नाही ते. ‘मुरा’ म्हणजे असमानता, एकसारखेपणा नसणं. टोयोटाची ही पद्धत घडवणारे ताइची ओनो यांची वाया जाण्याच्या सात प्रकारांची यादी सगळे पाठ करतात आणि ही दोन भावंडं विसरतात. खरं तर हेलपाटे बरेचदा मुरामुळेच पडतात.

मुरीला मी ‘ओढाताण’ सुचवतो. मुराला अजून सापडलेला नाही.

प्रतिसाद

(पुन्हा मीच, स्टाफ नर्स.) मुराला ‘भरती-ओहोटी’ म्हणा. सोमवारी सकाळी नऊला ओपीडीत केसपेपरच्या खिडकीपुढे पाय ठेवायला जागा नसते, दुपारी दोनला शुकशुकाट. भरतीत आमची ओढाताण, ओहोटीत आमच्यावर ‘बसून असतात’ असा ठपका. माणसं तीच, पगार तोच.

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे. ‘पोका-योके’बद्दल लिहितो, कारण आमच्या क्षेत्रात तो शब्द माहीत नसतानाही ती गोष्ट पूर्वीपासून होती.

भूल द्यायच्या यंत्रावर छोटे सिलिंडर बसवतात. ऑक्सिजनच्या जागी चुकून नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू बसला तर रुग्ण टेबलावरच दगावेल. म्हणून ऑक्सिजनच्या झडपेवर २ आणि ५ क्रमांकाच्या जागी भोकं असतात, नायट्रसच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या. यंत्राच्या पकडीवर तशाच खुंट्या. अंधारात, घाईत, झोपेत कसाही लावा, चुकीचा सिलिंडर बसतच नाही. “काळजी घ्या” अशी पाटी लावायची गरजच उरत नाही.

या शब्दाचीही एक कथा आहे आणि ती शब्दचर्चेतच शोभेल. आधी त्याला ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खाकडूनही चूक न होणारं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी तो बदलला, कारण काम करणाऱ्याला मूर्ख म्हटल्याचं दुःख होत होतं. ‘पोका’ म्हणजे अनवधानानं झालेली चूक. एका अक्षराच्या बदलानं दोष माणसाकडून मांडणीकडे गेला. मराठीत ‘मूर्खरोधक’ असा शब्द मी एका भाषणात ऐकला आहे, तो कृपया कुणी छापू नये. ‘चूक होऊ न देणारी मांडणी’ असं लांबलचक म्हटलं तरी चालेल.

याचं दुसरं टोक अमेरिकेतल्या सिअॅटलचं. तिथल्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ अधिकारी २००२ साली जपानला जाऊन कारखान्यांतलं काम पाहून आले आणि ही पद्धत त्यांनी संपूर्ण रुग्णालयात आणली. शिपायापासून सर्जनपर्यंत कुणालाही धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार दिला. तरीही २००४ साली तिथं एका महिलेच्या शरीरात तपासणीच्या द्रवाऐवजी जंतुनाशक टोचलं गेलं आणि ती दगावली. दोन्ही द्रव पाण्यासारखे, एकसारख्या भांड्यांत, चिठ्ठी नाही. रुग्णालयानं ते दडवलं नाही, स्वतःच जाहीर केलं. माझ्या मते या विषयावरच्या कुठल्याही पुस्तिकेत हा प्रसंग असावा. खुंटी-भोकाची मांडणी सिलिंडरला होती, भांड्याला नव्हती.

काम थांबवण्याच्या या अधिकाराला टोयोटात ‘अँडॉन’ची दोरी म्हणतात, अँडॉन म्हणजे कागदी कंदील. आपल्याकडे रेल्वेची साखळी प्रत्येकाला माहीत आहे. ‘साखळी ओढणे’ म्हणा. मावशींनाही लगेच कळेल. मात्र रेल्वेत साखळीखाली दंडाची पाटी असते, वॉर्डात ती नसावी एवढं स्पष्ट लिहा.

प्रतिसाद

इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत २००८ च्या सुमारास वॉर्डांसाठी असाच एक उपक्रम आला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘शुश्रूषेसाठी वेळ मोकळा करणे’. नावात वेळ ‘वाचवणे’ नाही. वाचवलेला वेळ कुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न उरतो. मोकळा केलेला वेळ कुठं जायचा ते इथं नावातच सांगितलं आहे. मराठीतही ‘वाचवणे’ आणि ‘मोकळा करणे’ यांत तेवढंच अंतर आहे. पुस्तिकेत हे क्रियापद जपा.

प्रस्तावक

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मसुदा असा आहे. मुखपृष्ठावर ‘सुटसुटीत रुग्णालय’, कारण ‘आटोपशीर’मध्ये लहान आकार येतो आणि ‘नेटकं’ म्हटलं की पुन्हा फरशी-चादरींचा विचार सुरू होतो. स्वच्छतेसाठी केंद्राची २०१५ पासूनची ‘कायाकल्प’ योजना आहेच, दोन्हींची गल्लत नको. आत एकदा, पहिल्या परिच्छेदात, ‘ज्याला इंग्रजीत लीन म्हणतात’ एवढा उल्लेख. मुदाला ‘हेलपाटा’, माणसाच्या बाबतीत ‘ताटकळणं’, कामाच्या बाबतीत ‘खोळंबा’. मुरीला ‘ओढाताण’, मुराला ‘भरती-ओहोटी’. कायझेन तसाच. कानबानचा मूळ अर्थ दुकानाची पाटी. पण इथं नुसतं ‘दोन डब्यांची रीत’ लिहिते आहे: एक डबा संपला की त्यातली चिठ्ठी स्टोअरला जाते, तोवर दुसरा चालतो. रुमालाखाली लपवलेल्या गुलाबी इंट्राकॅथला मला तेवढंच उत्तर दिसतं.

एक सराव घातला आहे: एका पाळीत मारलेल्या फेऱ्या नकाशावर दोऱ्यानं दाखवायच्या. इंग्रजीत त्या गुंत्याला इटालियन शेवयांचं नाव आहे, मी ‘शेवयांचा नकाशा’ केलं. सिस्टर ताई, सगळ्या फेऱ्यांना हेलपाटे म्हणू का?

प्रतिसाद

नको, ताई. तेवढं अजिबात करू नका. दोन रंगांचे दोरे द्या. आजोबांच्या खाटेपाशी मी रात्रीतून पाच वेळा गेले, हात सुजलाय का पाहायला, एकदा नुसतं पाणी द्यायला. त्याला हेलपाटा म्हणत नाहीत, त्याला ‘फेरी’ म्हणतात. हेलपाटा कपाटाकडचा. ते दोरे कमी झाले की खाटेकडचे वाढले पाहिजेत, नाहीतर नकाशा बघून कुणीतरी म्हणेल की एक सिस्टर कमी चालेल.