स्टिरिओ अ‍ॅम्पसाठी चांगला सीडी प्लेअर: नवा, जुना की ट्रान्सपोर्ट + डॅक? (नाशिक)

कॉलेजरोड_ऐकणारा

मंडळी, सल्ला हवा आहे. घरी दोन चॅनेलचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत, खोली साधारण १२ बाय १५ फूट. डिस्क ४०० च्या आसपास. त्यात बहुतेक शास्त्रीय गायन-वादनाच्या छापील सीडी, ६०-७० घरी बर्न केलेल्या, थोड्या एमपी३ भरलेल्या आणि ८-१० एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी). बजेट ६० हजार, पण त्यात केबल वगैरे सगळं आलं. डोक्यात तीन पर्याय आहेत: नवा प्लेअर, नुसता ट्रान्सपोर्ट (फक्त डिस्क वाचणारं यंत्र) घेऊन वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा डबा), किंवा जपानहून आलेला जुना वजनदार प्लेअर. एसएसीडी वाजतात म्हणून ब्लू-रे प्लेअरही कुणीतरी सुचवला. आवाज महत्त्वाचा आहेच, पण पुढची आठ-दहा वर्षं यंत्र चालायला हवं.

गंगापूर_नाका

आधी त्या ८-१० एसएसीडी उलटसुलट करून बघा. वेष्टणावर 'हायब्रिड' लिहिलं असेल आणि नेहमीचा कॉम्पॅक्ट डिस्कचा लोगोही असेल, तर त्या कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजतील. त्यांत दोन थर असतात. वरचा थर साध्या सीडीचा, तो ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचला जातो. एसएसीडीच्या थराला ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो, तो साध्या प्लेअरमध्ये नसतो. सीडी लोगो नसलेल्या डिस्क मात्र वाजणार नाहीत. त्या दोन-चारच निघाल्या तर त्यांच्यासाठी सगळा हिशोब बदलू नका.

एमपी३च्या डिस्कचंही तसंच. बरेच जुने, नावाजलेले प्लेअर फक्त ऑडिओ सीडी ओळखतात, डेटा डिस्क टाकली की 'नो डिस्क' म्हणून मोकळे होतात. नव्यांपैकी यामाहा सीडी-एस३०३ आणि मॅरँट्झ सीडी६००७ एमपी३ची डिस्क घेतात, शिवाय पुढे यूएसबीही आहे. मॅरँट्झला हेडफोनचं स्वतंत्र व्हॉल्यूम आहे, रात्री ऐकणाऱ्याला उपयोगी. डेनॉन डीसीडी-९००एनई हाही याच वर्गातला. तिन्हींपैकी एकही एसएसीडी वाचत नाही.

दुकानात दोन प्लेअर आळीपाळीने ऐकाल तेव्हा एक काळजी घ्या. प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं, पण प्रत्येकाचं थोडं कमीजास्त. ज्याचा आवाज किंचित मोठा, तोच कानाला 'जास्त मोकळा' वाटतो. पातळी सारखी करून मगच मत बनवा, नाहीतर व्हॉल्यूमलाच गुण दिल्यासारखं होईल.

डॅकवाला

मी ट्रान्सपोर्टच्या बाजूने. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी घ्या. त्यात अ‍ॅनालॉग आउटपुट नाहीच, फक्त कोअ‍ॅक्शियल आणि ऑप्टिकल, म्हणजे दोन्ही डिजिटल. डॅक वेगळा असला की उद्या टीव्ही, कॉम्प्युटर, स्ट्रीमर सगळं त्याच डॅकला लागतं. कोअ‍ॅक्शियलला ७५ ओहमचीच केबल वापरा. लाल-पांढऱ्या जोडीतली एखादी वायर चालून जाते खरी, पण योग्य केबल फार महाग नसते, मग कशाला?

एक खाच मात्र ठाऊक असू द्या. १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतं. रेकॉर्ड करताना वरच्या पट्ट्या, म्हणजे ट्रेबल, मुद्दाम उचललेल्या असतात आणि डिस्कवर तशी खूण असते. पूर्ण प्लेअर ती खूण वाचून वाजवताना पट्ट्या परत खाली आणतो. वेगळ्या डॅकला ती खूण डिजिटल केबलमधून मिळते, पण आजचे बरेच डॅक तिच्याकडे लक्षच देत नाहीत. परिणाम असा की सारंगी कर्कश लागते, तबल्याची चाट टोचते आणि माणूस स्पीकरला शिव्या घालतो. जुन्या छपाईच्या, त्यातही त्या काळातल्या जपानी डिस्क तुमच्याकडे असतील तर डॅक घेण्याआधी हे विचारून घ्या.

सातपूर_सोल्डर

आठ-दहा वर्षं चालायला हवं म्हणताय, तर डॅकची चिप हा मुद्दाच नाही. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे सीडीचं माप नीट वाजवणारी चिप आज कुठल्याही बऱ्या प्लेअरमध्ये असते. प्लेअर मरतो तो लेझर हेडमुळे (डिस्क वाचणारा लेन्ससकटचा भाग), नाहीतर ट्रेमुळे. म्हणून घ्यायच्या आधी एकच विचारा: हेड कुठलं आणि आज मिळतं का?

जुन्यात सोनीचं केएसएस-२१३ आणि सान्योचं एसएफ-पी१०१एन ही हेडं असंख्य प्लेअरमध्ये बसवलेली आहेत, आजही मिळतात. नाशिकला एम.जी. रोडवर चौकशी करा, नाही मिळालं तर मुंबईला लॅमिंग्टन रोड. नकली माल भरपूर आहे, त्यामुळे परत घेण्याच्या बोलीवरच घ्या. उलट फिलिप्सची जुनी स्विंग-आर्म सीडीएम हेडं आता बनत नाहीत. टीडीए१५४१ या जुन्या डॅक चिपच्या नावावर अशा प्लेअरचे भाव चढतात, पण हेड गेलं की शोभेची पेटी उरते. जुना घ्यायचाच तर ही गोष्ट किमतीत धरा.

नवं हेड बसवणाऱ्याला एक सूचना. हेडच्या पट्टीवर लेझरच्या दोन टोकांना जोडणारा सोल्डरचा थेंब असतो, स्थिर विजेपासून बचावासाठी. रिबन केबल लावल्यावर तो काढायचा. राहिला तर लेझर पेटतच नाही आणि लोक हेड खराब म्हणून परत करतात. हेडवरचा छोटा प्रीसेट (स्क्रूसारखा फिरणारा) फिरवून 'पॉवर वाढवून देतो' असं कुणी म्हटलं तर प्लेअर उचला आणि घरी या. थोडे दिवस छान वाजतं, मग लेझरचा डायोड कायमचा जातो.

जुना प्लेअर तपासायला सोबत तीन डिस्क न्या: एक ७५ मिनिटांहून मोठी छापील सीडी, एक घरी बर्न केलेली आणि एक थोडे ओरखडे असलेली. डिस्क टाकल्यावर गाण्यांची संख्या काही सेकंदांत दिसली पाहिजे. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि आतल्या बाजूला ती सर्वात जोरात फिरते, मिनिटाला सुमारे ५०० फेरे. काठाला हाच वेग २०० पर्यंत येतो. त्यामुळे सुरुवातच होत नसेल तर लेन्सवर धूळ, दमलेला लेझर किंवा फिरवणारी मोटर, यांतलं काहीतरी. पहिली गाणी ठीक आणि शेवटचं अडकतंय, तर बहुतेक वेळा हेड सरकतं त्या दांड्यावरचं ग्रीस सुकलेलं असतं. ते पुसून नवं लावलं की काम होतं, अशा प्लेअरला घाबरू नका, उलट भाव पाडा. पहिल्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर उडी मारून बघा, घरघर करत शोधत बसला तर तेच कारण. ट्रे अर्धा येऊन अडकतो तो रबराचा पट्टा सैल झाल्यामुळे, ते किरकोळ काम. शेवटी बर्न केलेली डिस्क लावून तासभर वाजू द्या. गरम झाल्यावर अडकायला लागला तर सोडून द्या.

लेन्स साफ करायची तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि बोटाचा भार जवळजवळ शून्य. वायर काढूनच. चालू हेडमध्ये डोकावू नका, लेझर इन्फ्रारेड असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही पण इजा करतो.

कॉलेजरोड_ऐकणारा

भरपूर मिळालं, आभार. एसएसीडी तपासल्या, दोन सोडून बाकी हायब्रिड निघाल्या. त्या दोनसाठी ब्लू-रेचा विचार सोडून द्यावा का? आणि जपानी प्लेअर १०० व्होल्टचा असतो, त्याला ट्रान्सफॉर्मर कुठला?

डॅकवाला

सोडून द्या. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी वाचतो, पण त्याला अ‍ॅनालॉग आउटपुट नाही आणि एसएसीडीचा आवाज फक्त एचडीएमआयमधून बाहेर येतो. तुमच्या स्टिरिओ अ‍ॅम्पला एचडीएमआय नसेल तर मध्ये आणखी एक डबा आला. वर मेनूसाठी टीव्ही चालू ठेवा. संध्याकाळी निवांत यमन लावायचा आणि समोर टीव्हीचा निळा पडदा?

सातपूर_सोल्डर

१०० व्होल्टचा प्लेअर चुकूनही थेट २३० ला लावू नका. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्याचा, वाइंडिंगवाला हवा. हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालत नाहीत. प्लेअर २०-३० वॉटच खातो, पण ट्रान्सफॉर्मर १०० व्हीए क्षमतेचा घ्या, थंड राहतो. बाजारात तयार मिळतो तो बहुधा ११० व्होल्टचा, म्हणजे १० टक्के जास्त. आतले रेग्युलेटर तेवढे जास्त तापतात. सातपूर-अंबडकडे वाइंडिंग करणाऱ्याकडून नेमका १०० चा करून घ्या. प्लेअरच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

मुंबईहून आणणार असाल तर तळाशी ट्रांझिट स्क्रू (प्रवासात आतला भाग हलू नये म्हणून) आहे का बघा, असेल तर कसारा घाटाआधी घट्ट करा आणि घरी चालू करण्याआधी सैल. तो तसाच राहिला तर डिस्क वाचत नाही आणि उगाच धसका बसतो.

गंगापूर_नाका

जोडणीचं राहिलं. अ‍ॅम्पच्या सीडी, ऑक्स किंवा लाइन इनपुटला लावा, फोनोला (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला) कधीच नाही. फोनो काही मिलीव्होल्टसाठी असतं, त्यात २ व्होल्ट घातले की नुसता फाटका आवाज येतो. अ‍ॅम्पच्या डोक्यावर प्लेअर ठेवू नका, उष्णतेने हेडचं आयुष्य कमी होतं. गुणगुण ऐकू आली तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपसून बघा. अ‍ॅम्पला टीव्ही जोडलेला असतो तिथे बहुतेक वेळा दोष त्या केबलच्या अर्थिंगचा निघतो, प्लेअरचा नाही.

पावसाळ्यात एसीच्या गार खोलीची दारं उघडली किंवा प्लेअर गार गाडीतून घरात आणला की लेन्सवर दव धरतं. तास-दोन तास तसाच ठेवून मग चालू करा. डिस्क पुसताना मधून काठाकडे सरळ, गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट प्लेअर भरून काढतो, पुढे नाही. आणि छापील बाजू जास्त जपा. खालून १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट आहे, वरून फक्त लॅकरचा पातळ थर. तिथला ओरखडा थेट चकाकी उडवतो आणि तो कुठल्याच पॉलिशने भरत नाही.