बटाटा न घालता व्हेज बर्गरची पॅटी कशी करायची? तव्यावर फुटतेय

वाटीभर
मंडळी, जरा मदत हवीये. आमच्याकडे शनिवारी रात्री पोळीभाजीला सुट्टी आणि मुलांची फर्माईश ठरलेली, बर्गर. बाहेरून मागवला तर चौघांचं बिल बघूनच पोट भरतं म्हणून मी घरीच करते. आतापर्यंत बटाट्याचीच टिक्की करायचे, मटार गाजर घालून, पण आता लेक म्हणतो आई हा चपटा केलेला बटाटेवडाच आहे, नुसता पाव बदललाय. आणि खरं सांगू का, बरोबर बोलतोय तो.

तर आता कडधान्याची करायचीये, तेवढंच प्रोटीन पण जाईल पोटात. एका व्हिडिओत बघून राजमा-बीटची केली, थापताना झकास गोल झाली आणि तव्यावर उलटायला गेले तर अर्धी उलथन्यावर, अर्धी तव्यात. मग ब्रेडचा चुरा घालत गेले घालत गेले, शेवटी चव नुसत्या ब्रेडची.

अटी अशा: अंडं नको (सासूबाई खात नाहीत आणि बर्गर त्यांनाही लागतो, वरचा पाव काढून ठेवतात फक्त). कांदा लसूण चालतो. ओव्हन नाही, बिडाचा तवा आहे. आणि आधी करून फ्रीजरमध्ये ठेवता आली तर सोन्याहून पिवळं. कुणी नियमित करत असेल तर प्लीज नीट प्रमाण सांगा, "अंदाजाने" नको.

खलबत्ता
वाटीभरताई, बाइंडिंगचं नंतर बघू, आधी पाणी. दहातल्या नऊ पॅट्या पाण्यामुळे फुटतात आणि माणसं त्यात चुरा ढकलत बसतात. राजमा, बीट, कांदा सगळेच पाणी सोडणारे आणि मीठ पडलं की अजूनच सोडतात.

मी कसं करते सांगते. एक वाटी राजमा रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकून नव्या पाण्यात कुकरला लाव, पाच-सहा शिट्ट्या, आपल्या कुकरप्रमाणे. बोटानं सहज दाबला गेला पाहिजे पण गाळ नको. मग चाळणीत उपसायचा आणि निथळला की ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचा. ही पायरी सगळे गाळतात. साली जरा सुकून सुरकुतल्यासारख्या दिसायला लागल्या की समजायचं झालं. एक वाटीचा शिजून साधारण अडीच वाट्या होतो.

तोवर एक मध्यम बीट किसून आणि एक मोठा कांदा बारीक चिरून कढईत दोन चमचे तेलावर परत, मीठ तेव्हाच घालून टाक म्हणजे सुटायचं ते पाणी कढईतच सुटेल. झाकण ठेवायचं नाही! कढईच्या तळाला ओल दिसेनाशी झाली आणि बीट आकसून निम्मं झालं की आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, जिरेपूड, थोडा आमचूर घालून गॅस बंद. पूर्ण गार होऊ दे. गरम मिश्रण थापलं तर आत वाफ धरते, परत तेच रडगाणं.

राजमा पावभाजीच्या मॅशरने ठेचायचा, मिक्सरमध्ये नाही, मिक्सरमध्ये लापशी होते आणि मग ती कशानेच सावरत नाही. साधारण पाव भाग दाणे अर्धवट राहू देत, दाताखाली आले पाहिजेत.

आता बाइंडिंग. जाडे पोहे कोरडेच मिक्सरला रव्याएवढे फिरवून अर्धी वाटी, आणि डाळव्याचं पीठ पोह्याच्या चमच्याने चार चमचे. बेसन नको, पॅटी जाड असते त्यामुळे आत कच्चट लागतं. डाळवं मुळातच भाजलेलं, त्यामुळे ती भानगडच नाही. सगळं एकत्र करून झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये, म्हणजे पोहे उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. एवढ्यात आठ होतात.

थापायला दुधाची पिशवी कापून धुवून घे, थालीपीठाला घेतो तशी. बरणीच्या झाकणात ती पसरायची, मिश्रण दाबून भरायचं, कडा बोटाने नीट बंद करायच्या (कडेला चीर राहिली की तिथूनच फुटते), पिशवी उचलली की पॅटी अलगद बाहेर. बनच्याच मापाची कर, भाजीची पॅटी मटणाच्या खिम्यासारखी आटत नाही.

तवा चांगला तापव, मग आच मध्यम, चमचाभर तेल, आणि पॅटी ठेवली की चार-पाच मिनिटं तिला हात लावायचा नाही. खालची बाजू पापुद्रा धरून आपोआप सुटते. उलथनं सरकत नसेल तर ती अजून तयार नाहीये, एवढंच.

चकलीचा_सोऱ्या
एवढं कशाला. भाजणी घाल थालीपीठाची, संपला विषय. भाजलेलीच असते, त्यात धने जिरे असतात, मसालाही वेगळा नको. आमच्याकडे उरलेली कोणतीही कोरडी उसळ + भाजणी + कांदा = पॅटी.

आणि ही काही आपलीच जुगाडू आयडिया नाही बरं का. १९८२ मध्ये लंडनला ग्रेगरी सॅम्स नावाच्या माणसाने 'व्हेजबर्गर' नावाने जो माल बाजारात आणला तो तयार पॅटी नव्हताच, कोरड्या मिश्रणाचं पाकीट होतं, घरी भिजवायचं, थापायचं, भाजायचं. म्हणजे भाजणीच की! आपल्या आज्यांनी डबे भरून ठेवले, विकले नाहीत इतकंच.

खलबत्ता
सोऱ्यादादा भाजणी मस्तच पण मग ते थालीपीठ बर्गर होतं, मुलगा पुन्हा म्हणेल आई पाव बदललास 😄 दोन चमचे घातली तर ठीक.

हडसनपलीकडे
न्यू जर्सीतून. इथे राजम्याऐवजी डबाबंद ब्लॅक बीन्स वापरतो, धुवून निथळून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला वीसेक मिनिटं पसरून ठेवायच्या, साली तडकायला लागेपर्यंत. खलबत्ताताईंच्या पंख्याचंच काम, फक्त ओव्हन करतो. ओव्हन नसेल तर कढईत मंद आचेवर कोरडे परतले तरी चालतील.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पॅटी तव्यावरून काढली की लगेच बनमध्ये कोंबू नका, दोन-तीन मिनिटं जाळीवर राहू द्या. घरच्या पॅटीला धरून ठेवतो तो स्टार्च, पोह्यातला म्हणा डाळव्यातला म्हणा, आणि स्टार्च गरम असताना मऊ असतो, जरा निवला की घट्ट होतो. पाकिटातल्या ज्या मांसासारख्या पॅट्या मिळतात त्यातल्या बऱ्याच जणींत मिथाइल सेल्युलोज असतं, ते बरोबर उलटं वागतं, तापलं की घट्ट आणि गार झालं की सैल. म्हणून त्या तव्यावर दगडासारख्या राहतात आणि आपली गरमागरम उलटताना हुळहुळते. आपल्या पॅटीचा दोष नाही, धीर धरायचा.

आणि इथल्या मंडळींसाठी: राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकून शिजवू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं ते पुरेसं तापलं नाही तर उलट्या-जुलाब होतात, आणि स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही. आधी भिजवलेला निदान दहा मिनिटं खळखळून उकळायला हवा. प्रेशर कुकरवाल्यांना काळजी नाही.

इकडचं चीज घेताना पण लेबल बघावं लागतं, रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवायला घालतात ते) प्राण्याचं असू शकतं. तुमच्याकडे हिरवा ठिपका बघितला की झालं, ते सुख इथे नाही.

तिखटजाळ
सगळं खरं पण मला राजमा पॅटी म्हणजे गोल थापलेली उसळ वाटते. बर्गरमध्ये चावायला काहीतरी पाहिजे, नाहीतर पाव मऊ, पॅटी मऊ, चीज मऊ, दात कशाला आहेत?

माझं मत सोया चंक्स. नाक मुरडू नका, वास येतो तो नीट न पिळल्यामुळे. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात घालून पिळायचे, परत पाणी, परत पिळायचे, मुठीत दाबून एक थेंब पडेनासा होईपर्यंत. मग मिक्सरला नुसता एक-दोन झटके, खिम्यासारखा. कोरड्या चंक्सच्या वजनात निम्मं प्रोटीन असतं त्यामुळे वाटीभरचा तो मुद्दाही सुटला. निम्मा हा खिमा, निम्मा राजमा. नुसत्या सोयाची कोरडी आणि भुसभुशीत होते, राजमा ओलावा देतो आणि धरूनही ठेवतो.

दुसरं म्हणजे मश्रूम. बटण मश्रूम अगदी बारीक चिरून मोठ्या आचेवर परतायचे, आधी कढईत तळं होतं, ते आटेपर्यंत थांबायचं, मग ते तपकिरी होऊन चिकटायला लागतात तेव्हा चमचाभर सोया सॉस. पाव किलोचे मूठभर राहतात पण त्या मूठभराने जी चव येते ती कुठल्याही गरम मसाल्याने येत नाही. गरम मसाला तर घालूच नका, लगेच कटलेट लागतं. मिरी, भाजलेलं जिरं, लसूण, बास.

अक्रोड किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट दोन चमचे. शेंगदाणे जास्त झाले तर पॅटी तेल सोडते आणि मोडते, एवढं सांभाळा.

वाटीभर
अरे बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, लेकाला वाचून दाखवलं, तो म्हणतो तिखटजाळ काकांचं कर 😅

मग या शनिवारी निम्मा राजमा निम्मा सोया. दोन शंका. खलबत्ताताई, मग पोहे आणि डाळवं तेवढंच ठेवू का? आणि मिश्रण तयार आहे की नाही हे तव्यावर जायच्या आधी कसं कळणार? बनबद्दल पण सांगा, आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचा बन फार गोड असतो आणि लादीपाव वापरला तर सॉसने खालून लगदा होतो.

तिखटजाळ
काका नाही हो, काकू 🙂

खलबत्ता
🤣🤣

वाटीभरताई, सोया घातलास तर पोहे थोडे कमी, पाव वाटी, कारण पिळलेला सोया स्वतःच पाणी ओढतो. डाळवं तेवढंच. कळण्यासाठी लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबायचा. कडेला मोठ्या चिरा पडल्या तर कोरडं आहे, दुधाचा हबका मार. हाताला चिकटून राहिलं तर अजून चमचाभर डाळवं आणि दहा मिनिटं थांब. आणि आठही थापायच्या आधी एक छोटीशी तव्यावर टाकून बघायची, मीठही कळतं.

जवसाची पूड एक चमचा तीन चमचे पाण्यात भिजवून ठेवली की दहा मिनिटांत बुळबुळीत होते, अंड्याच्या जागी चालते. मला तिचा वास आवडत नाही म्हणून मी घालत नाही, पण धरते चांगली.

पोटोबा_आधी
बनचं मी सांगतो. गोड बन असेल तर तिखट बाजू वाढवायची, सोपं. बन आडवा कापून आतल्या दोन्ही बाजूंना लोणी लावून तव्यावर ब्राऊन होईपर्यंत दाबून भाजा, नुसता गरम करू नका. ती भाजलेली बाजू सॉस आत जाऊ देत नाही, लोण्याचा थर पण अडवतो. लादीपावाचंही तेच, त्याला जरा जास्त भाजावं लागतं. मग खाली आधी सॅलडचं पान किंवा कोबीची कोरडी पानं, त्यावर पॅटी, पॅटी गरम असतानाच चीजची स्लाइस, मग कांदा. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून पाच मिनिटं टिश्यूवर ठेवा. टोमॅटो पॅटीच्या खाली कधीच नाही.

सॉससाठी बाजारचं मेयो आणू नका. अर्धी वाटी फ्रीजमधलं गार दूध, एक वाटी सूर्यफुलाचं तेल (शेंगदाण्याचं नको, वास मारतो), चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, उंच भांड्यात घालून हँड ब्लेंडर तळाशी धरून चालू करायचा आणि हळूहळू वर आणायचा. मिनिटभरात घट्ट होतं, मग शेवटी लिंबू. तेल नको वाटत असेल तर चक्का आहेच, त्यात लसूण, मिरी, थोडी मोहरी, झालं. मला वैयक्तिक चक्क्याचाच आवडतो, आंबटपणामुळे राजमा जड वाटत नाही.

शांत_अळूवडी
मधेच विचारते, आमच्याकडे जैन पद्धत, कांदा लसूण बटाटा बीट आलं काहीच नाही. मश्रूमही नाही. काही होईल का?

तिखटजाळ
होईल की. कच्ची केळी सालीसकट कुकरला दोन शिट्ट्या, सोलून गार झाल्यावर किसायची, केळीत स्टार्च भरपूर त्यामुळे वेगळं बाइंडिंग जवळजवळ लागतच नाही. त्यात परतून कोरडी केलेली ढोबळी मिरची, किसलेलं पनीर, मिरी, लिंबू. पण केळी किसलेलीच ठेवा, कुस्करून मळली तर चिवट होते.

हडसनपलीकडे
केळ्याची फ्रीजरमध्ये कशी राहते?

खलबत्ता
केळ्याची माहीत नाही, मी ताजीच करते. बटाट्याची मात्र फ्रीजरला वाईट, वितळली की पाणी सोडते आणि रवाळ लागते. राजमा-सोयाची उत्तम राहते. थापलेल्या पॅट्या ताटात सुट्या मांडून आधी तशाच कडक होऊ द्यायच्या, मग मधे बटर पेपर घालून डब्यात किंवा झिपच्या पिशवीत, महिनाभर चवीला चांगल्या राहतात. पिशवीवर तारीख लिहा, नाहीतर वर्षाने कटलेट सापडतं. आणि वाटीभरताई, काढल्यावर वितळायची वाट बघायची नाही, ओल धरते. कडक असतानाच तेल लावलेल्या तव्यावर, मंद आच, झाकण ठेवून पाच मिनिटं, उलटून परत झाकण, आणि शेवटी झाकण काढून दोन्ही बाजू मोठ्या आचेवर खरपूस.

वाटीभर
राजमा भिजत घातलाय. सासूबाई विचारतायत त्यांच्या पॅटीत सोया न घालता चालेल का 🙏

खलबत्ता
चालेल, त्यांच्या दोन वेगळ्या काढ आणि त्यात थोडे जास्त पोहे घाल.