जर्मन मूक शोकपट: सुरुवात आस्टा नील्सनपासून की 'मागच्या जिन्या'पासून?

रीळबहाद्दर (धागाकर्ता)
जर्मन मूकपट म्हटलं की लोक थेट 'डॉ. कॅलिगरी' या चित्रपटाच्या (१९२०) तिरक्या भिंतींपाशी जाऊन उभे राहतात. याचं बरंचसं खापर चित्रपट-समीक्षक क्राकाउअरवर. १९४७ च्या पुस्तकात त्याने पहिल्या महायुद्धाआधीचा सगळा काळ पूर्वेतिहास म्हणून बाजूला सारला, आणि पुढे बहुतेकांनी तो उघडूनही पाहिला नाही. १९९० साली इटलीत पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवाने कॅलिगरीपूर्व जर्मन चित्रपट सलग दाखवले, तेव्हा कुठे दिग्दर्शक फ्रान्झ होफरसारखी नावं वर आली.

माझं मत: शोकपट पाहायचे तर १९११ ते १९१४ मधल्या अभिनेत्री आस्टा नील्सन आणि दिग्दर्शक उर्बान गाड या डॅनिश जोडीपासून सुरुवात करा. 'डी झ्युंडेन डेर फेटर' (१९१३) घ्या. दारुड्याची मुलगी, तिला सोडून जाणारा चित्रकार. ती स्वतः दारूच्या आहारी गेल्यावर त्याच्याच चित्रासाठी मॉडेल होते आणि शेवटी ते चित्र फाडते. कथा एवढीच. कॅमेरा बहुतेक जागचा हलत नाही, त्यामुळे खांदे, मान, पाठ यांनीच सगळं सांगायचं. पहिल्यांदा बघताना चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघा.

मागचा_जिना
साफ असहमत. नील्सन थोर, वादच नाही. पण ते चित्रपट तिच्यासाठी शिवलेले आहेत. तिला काढलं तर मागे उरतं ते चार आण्यांचं कथानक. मेलोड्रामाची शोकांतिका होते ती १९२१ मध्ये, 'हिंटरट्रेपे'त, म्हणजे 'मागच्या जिन्या'त. दिग्दर्शन येस्नर आणि लेनी, पटकथा कार्ल मायर. मोलकरीण (हेन्नी पोर्टेन), तिचा प्रियकर, आणि तिच्यावर मनातून प्रेम करणारा पंगू पोस्टमन (फ्रिट्झ कोर्टनर). तो प्रियकराची पत्रं दाबून ठेवतो आणि तिचं दुःख बघवेना म्हणून खोटं पत्र स्वतः लिहितो. प्रियकर परत आल्यावर कुऱ्हाड, आणि मग ती गच्चीवरून उडी टाकते. जागा किती? स्वयंपाकघर, अंगण, जिना, पोस्टमनची खोली. मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. खलनायकही कुणी नाही, आणि माझ्या लेखी फरक तिथेच आहे. त्याच वर्षीच्या लुपू पिकच्या 'शेर्बेन'मध्ये तर अख्ख्या चित्रपटात एकच पाटी आहे.

सोळा_ते_चोवीस
तुम्ही दोघं अभिनयावर भांडताय, पण आधी वेग तपासलात का? नवख्याला हे चित्रपट हास्यास्पद वाटतात त्याचं निम्मं कारण चुकीचा वेग. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली दृश्यं सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालवली की हुंदक्याची उचकी होते.

३५ मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये ५२.५ चौकटी. मीटर गुणिले ५२.५, भागिले वेग, भागिले ६० म्हणजे मिनिटं. १००० मीटरचा चित्रपट १६ च्या वेगाने सुमारे ५५ मिनिटं चालतो, १८ ने साडेअठ्ठेचाळीस, २४ ने साडेछत्तीस. मूळ लांबी सेन्सॉरच्या नोंदींत मीटरमध्येच असते. तुमच्याकडची प्रत खूपच लवकर संपत असेल तर एक तर ती कापलेली आहे, नाही तर पळवलेली.

कुठली, ते असं ओळखा: चालण्याचं दृश्य एकेक चौकट पुढे सरकवून पाहा. दर चार चौकटींत एक पुन्हा तीच दिसली, तर १८ चा वेग आधीच दुरुस्त केलेला आहे, हात लावू नका. एकही दुबार नसेल तर प्लेअरचा वेग ०.७५ करा आणि आवाज बंद. संगीत रडायला लागतं. ओतलेलं पाणी किंवा जिन्यावरून उतरणारा माणूस सहज वाटला की थांबा. १९११-१४ साठी १६ ते १८ पासून सुरुवात करा, १९२१ नंतरच्यांसाठी १८ ते २२.

दुसरी गडबड रंगाची. रात्रीची कितीतरी दृश्यं दिवसा घेऊन प्रत निळी रंगवायचे. काळ्या-पांढऱ्या नकलेत तो निळा उडाला की बाई भर दुपारी कंदील घेऊन हिंडताना दिसते. आणि चौकटीची डावी कड कापलेली दिसली, तर ती प्रत बोलपटाच्या मापात उतरवली आहे. ध्वनिपट्टीची जागा तिथेच असते.

रीळबहाद्दर
वेगाबद्दल शंभर टक्के सहमत. @मागचा_जिना, 'शिवलेले' हा शब्द मान्य नाही. शिवणाऱ्यांत ग्विडो झेबर होता हे विसरताय. १९१२ च्या सुरुवातीला बाबेल्सबर्गच्या नव्या काचेच्या स्टुडिओत पहिला चित्रपट झाला तो नील्सनचा 'टोटेनटान्झ', आणि कॅमेरा झेबरचा. पिकच्या 'झिल्वेस्टर'वर (१९२४) कॅमेरा सरकायला लागला, तिथेही हाच माणूस. पाब्स्टच्या 'फ्रॉयडलोझे गासे'त (१९२५) आणि ब्रूनो रानच्या 'डिर्नेनट्रागोडी'त (१९२७) झेबर आणि नील्सन पुन्हा एकत्र. तुमचा तो जिना १९१२ पासूनच बांधला जात होता.

मागचा_जिना
कॅमेरामन तोच म्हणून चित्रपटाची दृष्टीही तीच, असं होत नाही. गाडकडे दुःख प्रसंगातून येतं, मायरकडे जागेतून. 'शेर्बेन'मध्ये रेल्वेचा रूळ तपासणारा माणूस, त्याची मुलगी आणि वरून आलेला निरीक्षक. रूळ, बर्फ आणि घर यांतून कुणालाच बाहेर पडता येत नाही. आई थंडीत गारठून मरते, बाप निरीक्षकाला मारतो आणि कंदील दाखवून गाडी थांबवतो. 'डिर्नेनट्रागोडी' मात्र तुमच्या बाजूने टाका, हरकत नाही.

मालाड_लोकल
अवांतर: रेल्वे, गरीब कर्मचारी, त्याची मुलगी, थांबवायची गाडी... बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' (१९३६) आठवला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेरा योझेफ विर्शिंग, दोघं म्युनिकचे.

मागचा_जिना
साम्य आहे, पण धागा जोडू नका. कथा निरंजन पाल यांची, फाटकवाल्याच्या मुलीच्या मरणाचं कारण जात आणि गावकी. शिवाय ऑस्टेन म्युनिकच्या एमेल्का या चित्रपट कंपनीचा. बर्लिनच्या मायर-पिक मंडळींच्या घराण्यातला नव्हे.

सोळा_ते_चोवीस
'फ्रॉयडलोझे गासे'चं नाव निघालंच आहे तर: प्रत निवडताना नील्सनची गोष्ट पुरती आहे का ते आधी बघा. त्यातच काम करणारी ग्रेटा गार्बो पुढे मोठी झाली म्हणून आणि सेन्सॉरमुळेही बाहेरदेशी प्रतींत मारिया लेखनरचा, म्हणजे नील्सनच्या पात्राचा, भाग छाटला गेला. तासा-दीड तासाची प्रत सोडून द्या. म्युनिकच्या फिल्म म्युझियमने जुळवलेली अडीच तासांची घ्या. तिच्यातही सांधे राहिलेत, एखादं पात्र खोलीत शिरतं आणि बाहेर पडताना दिसतच नाही.